तुलनाश्रेणी, इंग्रजी विशेषणांच्या

तुलनाश्रेणी, इंग्रजी विशेषणांच्या : गुणाचे कमीअधिक प्रमाण विशेषणाच्या रूपातून किंवा त्याला जोडलेल्या शब्दातून दाखवण्याची व्यवस्था. ‘टॉल’ ही मूलश्रेणी, ‘टॉलर’ ही तरश्रेणी व ‘टॉलेस्ट’ ही तमश्रेणी. ही त्रिविध विभागणी लॅटिन व्याकरणपरंपरेतून आली, एल्फ्रिक या इंग्रज धर्मगुरूने इ. स. १००० च्या सुमारास प्राचीन इंग्रजीत लिहिलेल्या लॅटिन व्याकरणात ती आढळते. मूलश्रेणीत तुलनाच नसल्याने तिला तुलनेची श्रेणी म्हणू नये, असा आक्षेप डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी घेतला. तो तर्काला धरून आहे; मात्र ‘ॲज टॉल ॲज’ या रचनेत समानतेची तुलना मूलरूपच वाहते, हेही लक्षात घ्यावे लागते.

‘-अर’ व ‘-एस्ट’ हे प्रत्यय इंडो-यूरोपीय (संस्कृत, लॅटिन, इंग्रजी आदींच्या सामाईक भाषाकुलाच्या) वारशातले आहेत. ‘-एस्ट’चा संस्कृत ‘-इष्ठ’शी (ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ) असलेला संबंध निर्विवाद मानला जातो. ‘-अर’ हा संस्कृत ‘-ईयस्’चा नातेवाईक खरा, पण मधल्या जर्मानिक (इंग्रजी, जर्मन आदींच्या पूर्वज भाषेच्या) टप्प्यात सकाराचा आधी झकारासारखा व नंतर रकार झाल्याने ते साम्य सहज दिसत नाही. जर्मानिकमध्ये या प्रत्ययाची इकारयुक्त व ओकारयुक्त अशी दोन रूपे होती. इकारामुळे मूळ शब्दातील स्वर बदले. आजच्या इंग्रजीत त्याची खूण ‘ओल्ड’च्या ‘एल्डर’, ‘एल्डेस्ट’ या रूपांत उरली आहे. ‘गुड’ची ‘बेटर’, ‘बेस्ट’ ही रूपे वेगळ्याच मूळाची. ‘बेटर’ व संस्कृत ‘भद्र’ यांचे मूळ एकच, हे जुन्या कोशांतील मत आता सर्वमान्य नाही. ‘भद्र’ हा ‘भन्द्’ धातूपासून घेणे अधिक ग्राह्य दिसते. ‘वर्स’मध्ये प्रत्यय ओळखू येईनासा झाल्यावर ‘वर्सर’ असे रूप घडले. ते प्रमाणभाषेत टिकले नाही, ‘लेस’पासून तसेच घडलेले ‘लेसर’ मात्र टिकले.

‘मोअर’ व ‘मोस्ट’ लावून होणाऱ्या रचनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ती साधारण तेराव्या शतकापासून दिसते व चौदाव्यात वाढते. हा काळ फ्रेंच प्रभावाचा असल्याने तिला फ्रेंच ‘प्ल्यू’ची (‘अधिक’ची) छाया मानणारे अभ्यासक आहेत, काहीजण लॅटिन भाषांतरांना महत्त्व देतात. परंतु ‘अधिक’ अशा अर्थाचे क्रियाविशेषण धातुसाधितांपूर्वी ठेवण्याची रीत प्राचीन इंग्रजीतही तुरळक आढळते. त्यामुळे बीज देशी व पोषण परकीय, हे मत अधिक संभाव्य वाटते. ही रचना पुढे जुन्या प्रत्ययांना सरसकट हटवील, असेही घडले नाही. हेलसिंकी पाठसंग्रहावरील (जुन्या इंग्रजी लेखनाच्या संशोधनार्थ केलेल्या संग्रहावरील) अभ्यासांनुसार आरंभीच्या वाढीनंतर प्रत्ययांनी गमावलेली जागा बरीचशी परत मिळवली. दोन्ही एकत्र वापरण्याची पद्धतही रूढ होती. शेक्सपिअरच्या ‘जूलियस सीझर’मध्ये ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ असा प्रयोग आहे. इंग्रज धर्मगुरू व व्याकरणकार रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या व्याकरणाने अशा दुहेरी रूपांना दोष मानले, मात्र बायबलमधील स्तोत्रांच्या जुन्या भाषांतरातील ‘मोस्ट हायेस्ट’ला अपवाद केले.

आजची विभागणी मुख्यतः अक्षरसंख्येवर चालते; येथे अक्षर म्हणजे लिपीतील वर्ण नव्हे, तर उच्चारातील एक घटक (सिलॅबल). एकाक्षरी विशेषणांना प्रत्यय, तीन वा अधिक अक्षरांच्या विशेषणांना ‘मोअर’. द्व्यक्षरी शब्दांत दोन्ही संभवतात. ‘अनहॅपिअर’ हे रूप या नियमाला पेच घालते. ‘अनहॅपी’ त्र्यक्षरी असूनही प्रत्यय घेते. म्हणजे ध्वनिदृष्ट्या प्रत्यय ‘हॅपी’ला आणि अर्थदृष्ट्या ‘अनहॅपी’ला लागतो.

दोहोंत तर व अनेकांत तम, हा इंग्रजी व्याकरणांतील दंडक पाणिनीच्या ‘द्विवचनविभज्योपपदे तरबीयसुनौ’ (५.३.५७) या, दोहोंच्या तुलनेत ‘तर’ व ‘ईयस्’ प्रत्यय सांगणाऱ्या सूत्राची आठवण करून देतो. बोलीत दोहोंपैकी ‘बेस्ट’ असे सर्रास म्हटले जाते. लॅटिनमधून आलेल्या ‘सीनियर’, ‘सुपीरियर’ यांसारख्या शब्दांनंतर ‘दॅन’ऐवजी ‘टू’ येते.

मराठीत तुलनेचा भार ‘-पेक्षा’, ‘-हून’, ‘सर्वांत’ हे शब्द उचलतात. विशेषण तुलनेसाठी बदलत नाही.