ते वाक्य संत ऑगस्टीन यांचे नाही

राजकारणावरून मंडळीत वाद पेटला की कोणीतरी हमखास म्हणतो, “आवश्यक बाबींत ऐक्य, गौण बाबींत मोकळीक, सर्वांत प्रीती, संत ऑगस्टीनच सांगून गेलेत!” (मोठे नाव घेतले की समोरचा गप्प बसतो.) ऑगस्टीन हे प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ४३० साली वारले, त्यांच्या लिखाणात हे वाक्य नाही. ते सतराव्या शतकातले. १६१७ मध्ये मार्को आंतोनियो दे दोमिनिस या ख्रिस्ती धर्मगुरूंनी जवळपास असेच लिहिले. पुढे जर्मनीत तीस वर्षांचे युद्ध चालू असताना पेटर माइडरलिन या लूथरपंथीय (प्रोटेस्टंट) धर्मपंडिताने, टोपणनावाने, आपल्याच भांडखोर धर्मपंडितांना ते सुनावले. त्याच्या वाक्यात मात्र एक ‘जर’ आहे: आपण जर असे वागलो, तर आपली स्थिती उत्तम असेल. गौण काय, हे ठरवण्यावरूनच तर ते भांडत होते.