हॉर्समन्स वर्ड

ईशान्य स्कॉटलंडमधील, विशेषतः ॲबर्डीनशायर व बॅन्फशायर भागातील, नांगराचे घोडे हाकणाऱ्या शेतगड्यांची गुप्त संघटना; नावाचा अर्थ ‘घोडेवाल्याचा शब्द’. १९व्या शतकात ती भरात होती. नांगराला बैलांऐवजी घोडे जुंपले जाऊ लागले तसे घोडे राखणाऱ्या गड्याचे वजन वाढले. आपल्या कामात उपरा घुसू नये आणि मजुरी पडू नये, हा संघटनेचा रोकडा हेतू. विधींचा साचा तिने गिरणीवाल्यांच्या ‘मिलर्स वर्ड’ या अशाच गुप्त संघटनेकडून आणि काही अंशी फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघाकडून घेतला.

दीक्षा बहुधा मार्टिनमस या संत मार्टिनच्या सणाच्या (११ नोव्हेंबर) सुमारास, रात्री, धान्याच्या कोठारात होई. मिसरूड फुटलेल्या पोऱ्याला निरोप म्हणून पाकिटातून घोड्याचा एक केस येई. त्याने पाव आणि व्हिस्कीची बाटली आणायची. काही ठिकाणी जॅमची बरणीही. हजर सभासदांची संख्या विषम असावी, शक्यतो १३, असा संकेत होता. डोळे बांधून त्याला दाराशी नेत आणि ठराविक सवाल-जवाब होत. कोणी पाठवले? ‘सैतानाने.’ कोणत्या वाटेने आलास? ‘वाटेच्या वाकणावळणांनी.’ कोणत्या उजेडात? ‘ताऱ्यांच्या आणि चंद्राच्या.’ आत धान्याच्या पोत्यावर उपडे घातलेले माप म्हणजे वेदी आणि पुढारी गडी म्हणजे ‘मिनिस्टर’ (चर्चचा धर्मोपदेशक). चर्चच्या विधीची ही उघड टर होती.

शपथ लांबलचक असे. गुपित झाकीन, उघड करणार नाही. लिहिणार नाही, लिहून घेऊ देणार नाही, कोरणार नाही, वाळूतही रेखाटणार नाही. ती संपते न संपते तोच मिनिस्टर फर्मावी, ‘आता तो शब्द लिही.’ हुकूम मानायची सवय असलेला पोरगा हात पुढे करी आणि बोटांच्या पेरांवर चाबकाचा फटका बसे. बहुतेक सगळे इथेच फसत, कारण विधीची रचनाच तशी होती: वरिष्ठाने सांगितले तरी तोंड उघडायचे नाही, हे अंगात भिनवायचे होते. पुढे ‘सैतानाशी हस्तांदोलन’ होई. डोळे बांधलेल्या पोराच्या हातात केसाळ कातडे गुंडाळलेली काठी किंवा जनावराचा खूर दिला जाई. मग कानात शब्द सांगत: ‘बोथ इन वन’, म्हणजे दोन्ही एकात. माणूस व घोडा एकजीव, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्यानंतर पाव फोडला जाई, बाटली फिरे.

नुसत्या शब्दाने घोडा वळत नसे. खरी विद्या वासाची होती आणि ती दीक्षेनंतर जुन्या गड्यांकडून शिकायची असे. घोड्याचे नाक फार तिखट. सुवासिक तेलाचा थेंब अंगाला किंवा रुमालाला लावला की तो ओढल्यासारखा मागे येई. उलट, उग्र वासाचे द्रव्य दाराच्या चौकटीला फासले की तो उंबऱ्यावर खांब होऊन उभा राही आणि मालकाने कितीही चाबूक ओढला तरी हलत नसे. जाणकार गडी गुपचूप तो वास घालवी, घोड्याच्या कानाशी काही पुटपुटल्यासारखे करी आणि जनावर चालू लागे. पाहणाऱ्याला श्रेय शब्दाचे वाटे. गड्यांनाही तेच हवे होते.

इंग्लंडच्या पूर्वेकडील ईस्ट अँग्लियात वेगळी प्रथा सांगितली जाते. तिथे घोड्यांवर ताबा मिळावा म्हणून घोडेवाला एकट्यानेच बेडकाचे विशिष्ट हाड मिळवण्याचा विधी करी. ट्रॅक्टर आल्यावर नांगराचे घोडे गेले आणि हॉर्समन्स वर्डचे कामही उरले नाही.