मक्याचं पीठ की मासा हारिना?

रेसिपी बघून घरी टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोची मक्याची पातळ पोळी, करायला बसलेल्यांची गाडी बहुतेक एकाच ठिकाणी अडते. किराण्यातून मक्याचं पीठ आणलं, गरम पाण्यात मळलं, लाटलं. तव्यावर जाईस्तोवर कडा फाटल्या आणि भाजल्यावर दुमडायला गेलं तर मधोमध दोन तुकडे. मग बोल लावला जातो हाताला. हाताची काही चूक नसते, पीठच चुकीचं असतं. टॉर्टियाला लागतं ते मासा हारिना, चुन्याच्या पाण्यातून काढलेल्या मक्याचं पीठ. (सूप दाट करायचं पांढरं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च. ते इथे बाजूलाच ठेवा.)

मक्याचं पीठ म्हणजे वाळलेले दाणे दळले, संपलं. मासा हारिनाच्या दाण्याला आधी चुन्याच्या पाण्यातून जावं लागतं. पानाला लावतो तोच चुना. किलोभर मक्याला साधारण 10 ग्रॅम चुना पाण्यात कालवून दाणे शिजवतात, पण पार मऊ करत नाहीत. दोन बोटांत चोळून साल सुटली की आच बंद, आणि भांडं रात्रभर तसंच. सकाळी ते पिवळट, बुळबुळीत पाणी ओतून दाणे चोळून धुवायचे. हा झाला निक्स्तामाल. तो पाट्यावर किंवा चक्कीवर ओलाच वाटला की मासा, म्हणजे मक्याचा ओला गोळा, तयार (आपल्या माशाशी याचा संबंध नाही). ओला मासा लवकर आंबतो, म्हणून तो वाळवून पीठ करतात. तेच मासा हारिना. 1949 साली सुरू झालेल्या मासेका कंपनीचा सगळा डोलारा याच पिठावर उभा आहे.

मक्यात ग्लुटेन नाही. चुन्यामुळे दाण्यातला चिवट भाग विरघळतो, कॅल्शियम मिसळतं आणि गोळा धरून राहतो. मक्याच्या भाकरीला आपण उकळतं पाणी घालतो, त्यानेही चिकटपणा येतो आणि भाकरी झकास होते. पण ती मोडून खायची, टॉर्टियाने मात्र आतलं सारण पोटात घेऊन दुमडलं पाहिजे.

खरी गंमत पुढेच आहे. मका अमेरिकेतून युरोपात गेला, चुना मात्र मागेच राहिला. 18व्या शतकात स्पेन आणि उत्तर इटलीत मक्यावरच दिवस काढणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होऊ लागला: कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी भ्रम. हा आजार नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा, आणि मक्यातलं नायसिन शरीराला सहजी मिळत नाही. चुना ते मोकळं करतो. नायसिनचा हा धागा हाती लागायला 1937 उजाडलं.

मेक्सिकोच्या घरात मासा दिवसभर भेटतो. सकाळी दालचिनी घातलेलं गरम, दाटसर आतोले हे पेय आणि कणसाच्या पात्यात उकडलेला तामाल. दुपारी दोन-तीनला मुख्य जेवण. त्याआधी फडकं घेऊन टॉर्टियाच्या दुकानात जायचं आणि किलोवर गरम टॉर्टिया बांधून आणायच्या. शिळ्या उरल्या की तुकडे तळून साल्सात, म्हणजे तिखट चटणीत, घोळवतात. हे चिलाकिलेस, म्हणजे त्यांची फोडणीची पोळीच. उत्तरेकडे सोनोरा राज्यात गव्हाच्या टॉर्टियाही रोजच्या, पण तो विषय वेगळा.

मासा हारिना घ्यायचंच असेल तर पाकिटावर घटकांत चुना आहे का ते बघा. कोमट पाण्यात मळून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा. छोटी गोळी दाबून पाहा: कड तडकली तर पाण्याचा हात लावा, बोटाला चिकटली तर चिमूटभर पीठ. लाटू नका, दोन प्लॅस्टिकच्या मध्ये ठेवून दाबा.