सबस्क्रिप्शन आहे, मग दाखवायला काय हरकत?

जळगावात किंवा धुळ्यात ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशनचा, मेळा भरवायचं ठरलं की कॉस्प्ले (पात्रांसारखी वेशभूषा), चित्रांचे स्टॉल, प्रश्नमंजूषा यांची वाटणी पटकन होते. मग स्क्रीनिंगचा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतं, "माझ्याकडे प्रीमियम आहे ना भो, लॅपटॉप जोडू प्रोजेक्टरला." इथेच दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात: स्वतः पाहण्याची मुभा आणि लोकांना दाखवण्याचा हक्क.

सबस्क्रिप्शनचे पैसे भरून मिळते ती पहिली. नेटफ्लिक्स काय, ॲनिमेचं ॲप क्रंचीरोल काय, अटींमध्ये वापर वैयक्तिक आणि बिगरव्यावसायिक असावा असंच लिहिलेलं असतं. ब्लू-रे विकत घेतली तरी तेच. डिस्क तुमची, मित्राला द्या, घरी पंचवीसदा पाहा. हॉलमध्ये अनोळखी दोनशे जणांसमोर लावण्याचा हक्क तिच्या किमतीत येत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपट लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क स्वतंत्र मोजला आहे आणि तो मालकाकडे राहतो. "आपण तिकीट कुठे लावलंय?" हे उत्तर मी फार ऐकतो. तिकीट नसलं म्हणून प्रेक्षक खासगी होत नाहीत.

दुसरा हक्क मागायचा कुणाकडे, हा खरा किचकट भाग. बरीचशी ॲनिमे एकट्या स्टुडिओच्या मालकीची नसते. मांगाचा (जपानी चित्रकथेचा) प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी बनवणारे असे अनेक जण मिळून निर्मिती समिती करतात, पैसा घालतात आणि हक्क वाटून घेतात. पुढे ते देशागणिक आणि माध्यमागणिक विकले जातात. भुसावळकरांना हे नवं वाटू नये. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही वितरक-प्रदर्शकांची संघटना तिथलीच, आणि सिनेमा सर्किटवार, म्हणजे प्रदेशवार, विकला जातो हे त्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ॲनिमेतही तसंच: भारतात स्ट्रीमिंग करणाऱ्या कंपनीकडे भारतात हॉलमध्ये दाखवण्याचा हक्क असेलच असं नाही. म्हणून पत्रातला पहिला प्रश्न हाच हवा: हा हक्क तुमच्याकडे आहे का, नसेल तर कुणाकडे?

हा फरक कधीकधी पडद्यावरही दिसतो. कॉलेजच्या हॉलमधला प्रोजेक्टर जुना असतो, त्याला व्हीजीए ही जुन्या पद्धतीची केबल जाते. लॅपटॉपवर ॲप सुरू केलं की मेनू दिसतो, सबटायटल दिसतात, चित्राच्या जागी काळं. मुलं केबल बदलत बसतात. बऱ्याचदा बिघाड केबलमध्ये नसतो: स्ट्रीमिंगच्या चित्राला कुलूप असतं, एचडीसीपी नावाचं, आणि पडदा ते कुलूप ओळखणारा नसेल तर चित्र अडवलं जातं. परवानगी घेतली की फाइल किंवा डिस्क कशी मिळणार हे त्याच पत्रव्यवहारात ठरवता येतं.

कॉलेजांसाठी एक सवलत आहे आणि तिचाच सर्वांत जास्त गैरसमज होतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवता येतो, पण प्रेक्षक तिथले विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असावे लागतात. ॲनिमे क्लबने आपल्याच कॉलेजच्या मुलांसाठी केलेलं स्क्रीनिंग या चौकटीत बसू शकतं. चोपडा, नंदुरबार, अमळनेरची मुलं फलक पाहून आली, की ती चौकट संपली. नेटफ्लिक्स काही निवडक मूळ माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची मोफत परवानगी देतं, हे ऐकून कुणी ते सगळ्या ॲनिमेला लावतं. तसं ते लागत नाही.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र हा आणखी तिसरा कागद. तो सरकारकडून, सार्वजनिक प्रदर्शनासाठी, 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली. मालकाने हो म्हटलं तरी त्याची वेगळी चौकशी करावी लागते.

एवढ्या कटकटीत पडायचं का? मला वाटतं, पडायलाच हवं. ज्यांच्या चित्रांसाठी आपण जीव टाकतो, त्यांच्या कामाचा मोबदला ठरतो तो हक्कांच्याच व्यवहारात. शिवाय लेखी परवानगी हातात असली की फलक उघडपणे लावता येतो, प्रायोजकाकडे ताठ मानेने जाता येतं.

पत्र निदान काही महिने आधी जावं. त्यात कलाकृतीचं नाव आणि भाग, तारीख, हॉल, आसनसंख्या, प्रवेश मोफत की सशुल्क, कोणत्या भाषेचा ऑडिओ आणि सबटायटल, हे सगळं असू द्या. उत्तर आलं नाही तर तो होकार समजू नका, तो तास दुसऱ्या कशाला द्या. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. त्यामुळे 1917 सालची 'नामाकुरा गाताना' ही तलवारीवरची काही मिनिटांची गमतीदार फिल्म कार्यक्रमात घेता येईल. ती मूक आहे. आपल्यातलाच कुणी बासरी वाजवणारा गाठा आणि तिला साथ करायला बसवा.