प्रोसेस डायनॅमिक्स अँड कंट्रोल शिकवणं

प्रोसेस डायनॅमिक्स अँड कंट्रोल हा केमिकल इंजिनिअरिंगच्या डिग्रीत साधारण शेवटच्या दोन वर्षांत येणारा विषय. प्लँटमधलं तापमान, प्रेशर, लेव्हल, फ्लो, कॉम्पोझिशन वेळेबरोबर कसं हलतं हे डायनॅमिक्समध्ये बघायचं आणि ते हवं तिथे कसं धरून ठेवायचं हे कंट्रोलमध्ये. अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या कोर्सेसना मान्यता देणाऱ्या ॲबेटच्या निकषांत केमिकल इंजिनिअरिंगसाठी डिझाइन आणि ॲनालिसिसच्या बरोबरीने कंट्रोलचाही उल्लेख आहे, म्हणजे हा ऑप्शनला टाकायचा विषय नाही, तरी मुलं तो टाकतातच, कारण बहुतेकांना तो लाप्लास ट्रान्सफॉर्मचा (डिफरन्शियल इक्वेशनला साध्या बीजगणितात आणायची गणिती युक्ती) दुसरा पेपर वाटतो. तसं वाटण्यात चूक मुलांपेक्षा शिकवण्याच्या क्रमाची जास्त आहे.

खरी अडचण कुठे असते

गणित अवघड आहे असं सगळे म्हणतात, पण अडतं आधीच. तोपर्यंत मुलांनी मटेरियल बॅलन्स, एनर्जी बॅलन्स, हीट एक्स्चेंजर, डिस्टिलेशन सगळं स्टेडी स्टेटला, म्हणजे वेळेबरोबर काही बदलत नाही असं धरून, केलेलं असतं, ॲक्युम्युलेशनची, म्हणजे आत किती साठतंय त्याची, टर्म पहिल्याच ओळीत शून्य करून टाकायची सवय हाताला लागलेली असते, आणि इथे तर नेमकी तीच टर्म म्हणजे अख्खा विषय. त्यामुळे 'शेवटी तापमान किती होईल' याचं उत्तर पटकन येतं, पण 'तिथे पोचायला किती वेळ लागेल आणि वाटेत काय होईल' विचारलं की वर्ग गप्प.

यावर साधी टाकी घेऊन बसणं हाच उपाय. २ घनमीटर पाणी असलेली, नीट ढवळली जाणारी टाकी, आत-बाहेर मिनिटाला ०.५ घनमीटर फ्लो. आकारमान भागिले फ्लो केलं की ४ मिनिटं येतात, हा टाइम कॉन्स्टंट, चिन्ह टाऊ. आत येणारं पाणी एकदम १० अंशांनी गरम केलं तर बाहेरचं पाणी ४ मिनिटांनी ६.३ अंशांनी वाढलेलं असतं, आणि साधारण १६ मिनिटांनी बदल ९८ टक्के पूर्ण झालेला असतो. हे मुलांनी आधी हाताने ग्राफवर काढावं, मग डिफरन्शियल इक्वेशन लिहावं आणि लाप्लास त्याच्याही नंतर यावा. उलट्या क्रमाने गेलं की टाऊ हे फक्त डिनॉमिनेटरमधलं एक अक्षर होऊन बसतं आणि ४ मिनिटं डोक्यातून जातात ती जातातच.

त्याच टाकीच्या आउटलेटला पंप लावला, म्हणजे बाहेरचा फ्लो लेव्हलवर अवलंबून राहिला नाही, की वेगळंच प्रकरण होतं. तळाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर आणि आत येणारा फ्लो मिनिटाला फक्त ०.०५ घनमीटरने जास्त, तर लेव्हल दर मिनिटाला ५ सेंटिमीटर चढत राहते आणि थांबत नाही. मुलं इथे नवीन स्टेडी स्टेट शोधत बसतात. असा स्टेडी स्टेट नसतोच, टाकी ओसंडते. याला इंटिग्रेटिंग प्रोसेस म्हणतात, आणि लेव्हलचे बरेच लूप (सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी) असेच असल्यामुळे हा भाग एका स्लाइडमध्ये उरकण्यातला नाही.

याच जागी टेक्सास सिटीच्या रिफायनरीतला २३ मार्च २००५ चा स्फोट बऱ्याच ठिकाणी शिकवला जातो. स्टार्टअपच्या वेळी टॉवरमध्ये तीन तासांहून जास्त वेळ लिक्विड आत जात होतं आणि बाहेर काहीच निघत नव्हतं, आणि लेव्हल ट्रान्समीटर मात्र लेव्हल हळूहळू उतरतेय असं दाखवत होता. टॉवर भरून वर गेला, १५ जणांचा जीव गेला. आत जातंय, बाहेर येत नाहीये, तर लेव्हल उतरेल कशी, हा पहिल्या वर्षाच्या मटेरियल बॅलन्सचा प्रश्न आहे, आणि इन्स्ट्रुमेंटच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास का ठेवायचा नाही हे यापेक्षा स्पष्ट सांगणारं उदाहरण मिळणं कठीण.

थोडा इतिहास

फीडबॅकचं, म्हणजे मोजलेलं बघून सुधारत राहण्याचं, गणित केमिकलवाल्यांनी जन्माला घातलेलं नाही. मॅक्सवेलने स्टीम इंजिनच्या गव्हर्नरवर १८६८ मध्ये पेपर लिहिला, मिनॉर्स्कीने १९२२ मध्ये जहाजाच्या स्टिअरिंगसाठी आज ज्याला पीआयडी म्हणतो तो विचार मांडला, म्हणजे चूक आत्ता किती आहे (प्रपोर्शनल), आतापर्यंत किती साठली (इंटिग्रल) आणि किती वेगाने बदलतेय (डेरिव्हेटिव्ह) यावरून कंट्रोल करायचं. प्रोसेस इंडस्ट्रीला थेट उपयोगी पडलं ते १९४२ मधलं झीगलर आणि निकोल्स यांचं ट्युनिंग, म्हणजे कंट्रोलरचे आकडे ठरवायचे नियम, दोघेही टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीचे, म्हणजे कंट्रोलर बनवणाऱ्यांच्या घरातलेच. कोहेन-कूनचे ट्युनिंगचे नियम १९५३ मध्ये आले, डेड टाइमसाठी (बदल केल्यावर परिणाम दिसायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ) स्मिथ प्रेडिक्टर १९५७ मध्ये, आणि १९७५ मध्ये हनीवेल आणि योकोगावा दोघांनी आपापली डिस्ट्रिब्युटेड कंट्रोल सिस्टिम बाजारात आणली, तेव्हापासून भिंतभर पॅनल जाऊन स्क्रीन आल्या.

हा इतिहास शिकवायचं कारण वेगळं आहे. विषयाची बरीच मांडणी इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलकडून उचललेली असल्यामुळे राउथ ॲरे, रूट लोकस, बोडे, नायक्विस्ट या स्टॅबिलिटी (लूप स्थिर राहील की हलत सुटेल) तपासायच्या पद्धतींवर आठवडेच्या आठवडे जात, अजूनही काही ठिकाणी जातात. सर्व्होमोटर काही मिलिसेकंदांत हलते, डिस्टिलेशन कॉलमला तासन् तास लागतात, शिवाय पाइपमधला डेड टाइम असतोच. स्टॅबिलिटी म्हणजे काय हे समजण्यापुरतं बोडे ठेवावं, पण हाताने ॲसिम्प्टोट काढत बसण्यात आता फारसा अर्थ नाही, कंप्युटर ते चुटकीसरशी काढतो. बऱ्याच कोर्सेसमध्ये हा भाग गेल्या काही दशकांत कमी होत गेलाय आणि ते बरंच झालं.

पीआयडी शिकवताना

डेड टाइमसाठी शॉवरचं उदाहरण जवळजवळ प्रत्येक जण देतो, गरम पाणी यायला वेळ लागतो म्हणून आपण नळ जास्त फिरवतो आणि मग चटका बसतो. उदाहरण चांगलं आहे, फक्त तिथेच थांबू नये.

प्रपोर्शनलपासून सुरुवात करावी आणि ऑफसेट, म्हणजे सेटपॉइंट (हवी असलेली किंमत) आणि प्रत्यक्ष यांतला शेवटी उरणारा फरक, आकड्यात दाखवावा. प्रोसेस गेन आणि कंट्रोलर गेन (गेन म्हणजे इनपुट एकाने बदललं की आउटपुट किती बदलतं) यांचा गुणाकार ४ असेल आणि सेटपॉइंट १० अंशांनी वाढवला, तर तापमान ८ अंशच वाढतं आणि २ अंशांचा ऑफसेट तसाच राहतो. गेन वाढवा, ऑफसेट कमी होतो पण लूप हलायला लागतो. हे डोळ्यांनी दिसलं की इंटिग्रल का लागतो ते वेगळं सांगावं लागत नाही. इंटिग्रल आला की लगेच वाइंडअप दाखवायचा: फीड फार थंड आलंय, स्टीम व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय, तरी तापमान सेटपॉइंटला पोचत नाही, आणि कंट्रोलर आत एरर साठवत बसलाय. नंतर फीड ठीक होतं, तापमान सेटपॉइंटच्या वर जातं, तरी व्हॉल्व्ह उघडाच, कारण साठवलेलं सगळं आधी रिकामं व्हायला हवं. हा ट्रेंड एकदा बघितला की अँटी-वाइंडअप का असतो ते पक्कं होतं. डेरिव्हेटिव्हबद्दल थोडक्यात एवढंच की मेजरमेंटमध्ये नॉइज असेल तर व्हॉल्व्ह थरथरत राहतो, म्हणून प्लँटमधले बहुतेक लूप पीआयवरच चालतात.

ट्युनिंगचे नियम टेबल पाठ करून घ्यायचे नसतात, एकाच प्रोसेसवर दोन नियम लावून बघायचे असतात. समजा गेन २, टाइम कॉन्स्टंट १० मिनिटं, डेड टाइम २ मिनिटं. झीगलर-निकोल्सच्या ओपन लूप नियमाने पीआयचा गेन २.२५ आणि इंटिग्रल टाइम सुमारे ६.७ मिनिटं येतो. नॉर्वेच्या स्कोगेस्टाडने २००३ मध्ये मांडलेल्या सिमसी नियमाने, क्लोज्ड लूपचा टाइम कॉन्स्टंट डेड टाइमएवढाच धरला तर, गेन १.२५ आणि इंटिग्रल टाइम १० मिनिटं. गेन जवळजवळ निम्मा! झीगलर-निकोल्सने क्वार्टर डिके हे टार्गेट ठेवलं होतं, म्हणजे प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या एक चतुर्थांश, आणि आजच्या बऱ्याच लूपना एवढं हलणं परवडत नाही. कुठला नियम बरोबर असं मुलं विचारतात, तर उत्तर हेच की तुम्हाला लूप किती हललेला चालतो ते आधी ठरवा.

सगळ्यात जास्त मार्क कशात जातात? चिन्हात. कंट्रोलर डायरेक्ट ॲक्टिंग (मेजरमेंट वाढलं की आउटपुट वाढवणारा) की रिव्हर्स (कमी करणारा), व्हॉल्व्ह एअर-टू-ओपन (हवेने उघडणारा) की एअर-टू-क्लोज (हवेने बंद होणारा), या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. क्रम असा ठेवावा की आधी सेफ्टी बघायची: हवा गेली तर व्हॉल्व्ह कुठे जायला हवा? एक्झोथर्मिक रिॲक्टरच्या कूलिंग वॉटरचा उघडा राहायला हवा, हीटरच्या स्टीमचा बंद व्हायला हवा. व्हॉल्व्ह ठरला की मग कंट्रोलरची ॲक्शन आपोआप ठरते. उलट दिशेने सुरुवात केली तर पेपरात उत्तर बरोबर येईलही, पण प्लँटमध्ये तो माणूस धोक्याचा.

इन्स्ट्रुमेंट मोजलेला आकडा ज्यातून पाठवतं तो ४ ते २० मिलिॲम्पिअरचा सिग्नल शून्यापासून का सुरू होत नाही, हेही असंच दोन मिनिटांत सांगण्यासारखं आहे: वायर तुटली तर ० येतो आणि तो खरा शून्य नाही हे लगेच कळतं.

लॅब आणि सिम्युलेशन

लॅब नसेल तर हा विषय कागदावरच राहतो. पूर्वी त्यासाठी टाक्या, कंप्रेसर, न्यूमॅटिक व्हॉल्व्ह असं मोठं लटांबर लागायचं आणि एका रिगभोवती दहा-बारा मुलं उभी, त्यातली दोघं काम करणार, बाकीची रीडिंग उतरवणार. आता छोटी किट्स आली आहेत, ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीतून आलेलं टीसीलॅब हे त्यातलं बरंच वापरलं जाणारं, एका आर्डुइनोवर दोन हीटर आणि दोन टेंपरेचर सेन्सर, पायथॉन किंवा मॅटलॅबने चालतं. हीटर दोन आणि एकमेकांना तापवणारे असल्यामुळे इंटरॲक्शनही, म्हणजे एका लूपचा दुसऱ्यावर होणारा परिणाम, हातात बघता येतं, जे शिकवायला एरवी डिस्टिलेशन कॉलम आणि ब्रिस्टलचा १९६६ चा रिलेटिव्ह गेन ॲरे काढावा लागतो.

सिम्युलेशनला माझा विरोध नाही, पण सिम्युलेशनमधला व्हॉल्व्ह कधी अडकत नाही. पुढच्या वर्षाच्या किंवा मास्टर्सच्या मुलांसाठी टेनेसी ईस्टमन प्रॉब्लेम, म्हणजे एका अख्ख्या केमिकल प्लँटचं सिम्युलेशन, वापरतात, ईस्टमन कंपनीतल्या डाउन्स आणि व्होगल यांनी १९९३ मध्ये दिलेला, ४१ मेजरमेंट आणि १२ हलवता येणारे व्हेरिएबल्स, कंट्रोलशिवाय सोडला तर स्वतःच बिघडतो. अंडरग्रॅज्युएटला हा जड जातो, तिथे कुठला लूप कशाशी जोडायचा एवढी चर्चा केली तरी पुरे. शेलमध्ये १९७० च्या दशकात सुरू झालेला मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल (मॉडेलवरून पुढे काय होईल याचा अंदाज घेऊन चालणारा) एक-दोन लेक्चरमध्ये कल्पना म्हणून सांगावा. स्टेप टेस्ट (इनपुट एकदम बदलून आउटपुट कसं हलतं ते बघणं) नीट कळलेल्या मुलाला तो पटकन समजतो, कारण त्याचं सुरुवातीचं मॉडेल स्टेप रिस्पॉन्सच्या आकड्यांचंच होतं.

परीक्षा

पेपर तपासायला सोपा म्हणून राउथ ॲरे येतो आणि मुलं तेवढाच करून येतात, हे दुष्टचक्र आहे. त्यापेक्षा खरा किंवा खऱ्यासारखा ट्रेंड द्यावा आणि काय झालंय ते विचारावं. उदाहरणार्थ फ्लोचा लूप हलतोय, कंट्रोलरचं आउटपुट करवतीच्या दातांसारखं आणि फ्लो मात्र चौकोनी उड्या मारतोय. ट्युनिंग बिघडलंय असं म्हणून गेन कमी करणारा विद्यार्थी लूप फक्त मंद करतो, हलणं तसंच राहतं. लूप मॅन्युअलवर टाकून बघायचा हे ज्याला सुचतं त्याला पूर्ण मार्क द्यायला हरकत नाही: हलणं थांबलं तर कारण लूपच्या आत आहे, चालूच राहिलं तर बाहेरून येतंय. थांबलं असेल तर मॅन्युअलमध्येच आउटपुट अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने वाढवत जायचं, दोन-तीन टक्क्यांपर्यंत फ्लो ढिम्म आणि मग एकदम उडी, तर व्हॉल्व्ह चिकटतोय, आणि त्याला ट्युनिंग नाही, मेंटेनन्स लागतो.