बायोसेन्सरचा प्रतिसाद आणि नॉइज : गणितीय प्रारूप

शरीरद्रवातील एखाद्या रेणूचे प्रमाण बायोसेन्सर विद्युत संकेतात उतरवतो. त्या संकेतावरून मूळ प्रमाण कसे काढायचे व त्यात किती चूक संभवते, हे समीकरणांत मांडणे म्हणजे त्याचे गणितीय प्रारूप. सर्वांत जास्त अभ्यास झाला तो ग्लुकोज सेन्सरचा. त्याची मूळ कल्पना लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली.

त्वचेखाली बसणाऱ्या अनेक सेन्सरांत ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि इलेक्ट्रोडवर त्याचे ऑक्सिडीकरण होऊन प्रवाह मिळतो. मायकेलिस-मेंटेन समीकरणानुसार (१९१३) ग्लुकोज कमी असताना प्रवाह त्याच्या प्रमाणात वाढतो; पुढे एंझाइम व्यापले जाते आणि आलेख आडवा होत जातो. शिवाय या क्रियेला ऑक्सिजनही लागतो आणि ऊतींत तो ग्लुकोजच्या मानाने फारच कमी. म्हणून वर ग्लुकोजला अडवणारे पटल चढवतात. मग वेग ठरवते ते विसरण (रेणूंचे पटलातून पसरत येणे), एंझाइम नव्हे. संकेत क्षीण होतो, पण आलेख बराच सरळ राहतो आणि एंझाइम थोडे निकामी झाले तरी फारसे बिघडत नाही. हा सौदा फायद्याचाच आहे.

नॉइज म्हणजे संकेतात मिसळणारे नको असलेले चढउतार. त्याचे प्रकार अनेक. १० नॅनोअँपिअर प्रवाहात, १ हर्ट्‌झ बँडविड्थला (मोजल्या जाणाऱ्या वारंवारतांच्या पट्ट्याला), इलेक्ट्रॉनांच्या सुट्या येण्याने होणारा शॉट नॉइज जेमतेम ०.०६ पिकोअँपिअर भरतो. म्हणजे संकेत त्याच्या पावणेदोन लाख पट. खरा त्रास ड्रिफ्टचा, म्हणजे वाचन मंद गतीने एका बाजूला सरकत जाण्याचा, आणि पॅरासिटामॉलसारख्या, त्याच इलेक्ट्रोडवर प्रवाह देणाऱ्या रेणूंचा. यादृच्छिक नॉइज १०० वाचनांची सरासरी घेतल्यास दहाव्या हिश्श्यावर येतो. ड्रिफ्ट तसा हटत नाही. कोऱ्या (तो रेणू नसलेल्या) नमुन्याच्या वाचनांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले आलेखाचा उतार, ही शोधमर्यादेची, म्हणजे ओळखता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाची, रूढ व्याख्या. तीत ड्रिफ्टचा हिशेब नसतो, हे विसरू नये.

सर्वांत नाजूक भाग विलंबाचा. सेन्सर रक्त नव्हे, पेशींमधला द्रव मोजतो. विलंबाचा कालांक (वाचन रक्ताच्या किती मागे रेंगाळते याचे माप) १० मिनिटे धरला आणि साखर मिनिटाला २ मिग्रॅ/डेलि या गतीने सतत उतरत असली, तर वाचन २० ने जास्त दिसते: पडद्यावर ८०, रक्तात ६०. वाचनाच्या बदलाचा दर कालांकाने गुणून वाचनात मिळवला की विलंबाची चूक दूर होते. पण दर काढताना नॉइजही फुगतो. कालमन फिल्टर ही अंदाज बांधण्याची गणिती पद्धत विलंब व नॉइज यांची दोन्ही प्रारूपे एकत्र घेऊन ताज्या वाचनावर किती विसंबायचे ते दर वेळी नव्याने ठरवते.