कुठल्या वयात मुलाला काय जमतं? आफ्रिकेतल्या चार उत्तरांची गोष्ट

आफ्रिका म्हटलं की आपल्याला एकच चित्र दिसतं, झोपडी, धूळ आणि कॅमेऱ्याकडे बघून हसणारं पोर. तिथे देश ५४, भाषा दोन हजारांच्या घरात, आणि साधारण ४० टक्के लोक १५ वर्षांखालचे. पण ही सरसकट बोलायची सवय शास्त्रज्ञांनाही होती बरं का.

१९५०च्या दशकात मार्सेल गेबेर या फ्रेंच बाईंनी युगांडात कंपालाची बाळं तपासली आणि ती युरोपातल्या बाळांपेक्षा लवकर बसतात, चालतात असं लिहिलं. झालं, लोकांनी ते लगेच वंशावर नेलं. मग १९७०च्या दशकात चार्ल्स सुपर हा संशोधक केनियातल्या किपसिगिस लोकांच्या गावात राहिला आणि आया काय करतात ते नीट बघितलं. तर तिथे बाळाला बसायला शिकवतातच, जमिनीत छोटा खड्डा करून त्यात बसवायचं नाहीतर भोवती कपडे गुंडाळून टेकू द्यायचा, चालायचीही प्रॅक्टिस घ्यायची. त्यामुळे बसणं, चालणं अमेरिकन बाळांपेक्षा साधारण महिनाभर आधी, पण रांगणं, कुशीवर वळणं, जे कोणी शिकवत नाही, त्यात काहीच आघाडी नाही! वंशाचा प्रश्न असता तर सगळंच लवकर यायला हवं होतं ना.

कॅमेरूनच्या न्सो शेतकऱ्यांची चार वर्षांची मुलं तर अजून भारी. समोर एक खाऊ ठेवायचा, थांबलास तर दुसरा मिळेल, ही ती फेमस टेस्ट. इथे खाऊ म्हणजे पफ-पफ, आपल्या गुलगुल्यांसारखा तळलेला गोड प्रकार. दहा मिनिटं जर्मन मुलांपैकी २८ टक्केच थांबली, न्सोंची ७० टक्के, काही तर वाट बघता बघता चक्क झोपली. तिथे मोठ्यांचं ऐकायचं, रडारड आवरायची हे लहानपणापासूनच अंगवळणी पाडतात. अर्थात एका टेस्टवरून कुठली मुलं जास्त शहाणी ते ठरवू नये असं मला वाटतं.

सगळ्यात इंटरेस्टिंग मात्र हाड्झा आणि कुंग या दोन जमाती, कारण अभ्यास झाले तेव्हा दोघेही शिकार आणि कंदमुळांवर जगत होते. टांझानियात एयासी तलावाजवळच्या हाड्झांची पाच-सहा वर्षांची पोरं घोळक्याने रानात जातात, बोरांसारखी फळं, कंद, गोरखचिंचेची फळं (हो तीच, आपल्या वसई किल्ल्यात जिचं झाड आहे) गोळा करतात आणि चांगल्या सीझनमध्ये स्वतःच्या पोटापैकी जवळपास निम्मं स्वतःच भरतात. आणि दक्षिण आफ्रिका खंडातल्या कलहारी वाळवंटातली कुंग मुलं? ती बरीच मोठी होईपर्यंत तळावरच खेळत असायची. आधी वाटलं की हे आईबापांचे लाड. संशोधक निकोलस ब्लर्टन जोन्स आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला तेव्हा कळलं की कारण जमिनीत आहे. हाड्झांकडे टेकड्या, खडक, म्हणजे खुणा भरपूर आणि खाणं तळाजवळच. कलहारी सपाट, सगळीकडे सारखंच झुडूप, पोर हरवलं की उन्हात पाण्याविना संपलंच, आणि मोंगोंगोची (कठीण कवचाच्या, खायच्या बियांची) झाडं कोरड्या हंगामातल्या पाणवठ्यापासून कित्येक किलोमीटर लांब. तेवढं चालून पोर आणणार किती? त्यापेक्षा आईने आणलेले मोंगोंगो मुलांनी तळावर बसून फोडून दिले तर घरात जास्त खाणं येतं, असंच त्या हिशोबात निघालं.